बायकोच्या पत्त्यावरची डाक

बायकोच्या दहाव्याला आम्ही गडीमाणसं नदीवर गेलतो, तवा मागं बायकांनी घर धुऊन काढलं. रीतच आहे ती. भिंतीला पाणी मारायचं, अंथरुणं उन्हात टाकायची, आणि शेवटी तांब्यात गोमूत्र घेऊन आंब्याच्या डहाळीनं कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडायचं. माझी थोरली बहीण, आक्का, तेलगावला दिलेली. असल्या कामात ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तिनं देव्हाऱ्यावर शिंपडलं, बाजेवर शिंपडलं, टीव्हीवर शिंपडलं. घडवंचीशेजारच्या फळीवर एक डबा होता, त्याच्यावरही शिंपडलं. तिथं जरा जास्तच पडलं.

मी नदीवरून आलो, हातपाय धुतले. डब्यावर एक हिरवा दिवा असायचा बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो गेलेला दिसला. दिसला आणि मी ताटावर जाऊन बसलो. कोण काय वाढतंय ते वाढू दिलं. त्या दिवसांत मला बरंच काही दिसायचं, पण दिसल्यानंतर पुढं काही व्हायचं नाही. गाय हंबरतेय, ऐकू यायचं. उठून जावं असं काही मनात यायचं नाही.

डबा म्हणजे काय ते सांगतो. त्यात एक हिरवी पट्टी होती, तळहातात मावंल एवढी, तारा जोडलेली. आमच्या वस्तीवरच्या लोकांची डाक त्यात यायची. कागदाची नव्हं, मोबाइलवर येती ती, ईमेल. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं असतात तसलंच यंत्र, पण आमचं गरिबाघरचं. पोरगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे, त्यानं बसवून दिलं. पण मागून घेतलं ते बायकोनं.

झालं असं. आमच्याकडं प्रत्येक अर्ज आता ऑनलाइन. पीकविमा असो, शिष्यवृत्ती असो, नाहीतर भरती. त्याला ईमेलचा पत्ता लागतो. लोक बाजारच्या दिवशी नेटच्या दुकानात जायचे आणि तो दुकानदार सगळ्यांच्या अर्जात आपला स्वतःचा पत्ता टाकून मोकळा व्हायचा. आख्ख्या गावाची डाक त्याच्या खिशात. एक वर्षी त्यानं दुकान बंद केलं आणि गेला कुठंतरी सासुरवाडीला. वस्तीवरल्या दोघातिघांची परीक्षेची पत्रं त्याच्या मोबाइलात अडकून राहिली. माझी बायको सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा चार यत्ता पुढं. तिनं पोराला फोन लावला. म्हणाली, "तू एवढा शिकलास, आन् आमची पत्रं दुसऱ्याच्या घरी कावून जात्यात? आपल्या घरी पेटी बशीव."

पोरगं हसलं. म्हणालं, "आई, त्याला चोवीस तास लाइट लागती."

"मग त्याचं बघ. मी काय लाइटीची बाई हाय का?"

त्यानं बघितलं. पत्र्यावर एक सोलरची पाटी टाकली आणि खाली बॅटरी जोडली. बॅटरी कसली, तर माझ्या फवारणीच्या पंपाची. पाठीवर घ्यायचा पंप असतो, त्यातली. मला विचारलं नाही कुणी. त्या यंत्राला लाइट लई थोडी लागते, पाटीवर आणि त्या बॅटरीवर ते दिवसरात्र चालायचं. इंटरनेटची तार टाकणाऱ्यांकडून त्यानं पक्का नंबर मागून घेतला, म्हणजे बाहेरच्या डाकेला आमचं घर सापडावं. आणि डबा कुठं ठेवावा यावर मायलेकरांचं दिवसभर चाललं. तो म्हणे माळ्यावर ठेव. ती म्हणे माळ्यावर उन्हाळ्यात लोणी वितळतं, तुझं यंत्र काय टिकणार. शेवटी तिनं पोळ्यांचा जुना डबा घेतला, त्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि पाण्याच्या घडवंचीशेजारी फळी ठोकून त्यावर ठेवला. घरात गार जागा तेवढी एकच.

कापसावर मावा पडला तवा मी एकदा बॅटरी काढून रानात नेली होती. फवारून दुपारी आलो तर ही दारात उभी.

"कुठंय बॅटरी?"

"पंपात."

"वस्तीची डाक बंद पाडली व्हय?"

"कापूस खाल्ला असता माव्यानं. डाक खाती का कुणी?"

"तुमाला खायाचंच कळतं," म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून पंप उतरवून घेतला. दुसऱ्या आठवड्यात मला पंपाला नवीन बॅटरी घ्यावी लागली. तेवढाच माझा आणि त्या यंत्राचा संबंध. बाकी सगळं ती बघायची. कुणाला नवीन पत्ता काढून दे, कुणी पत्त्याची खूण, म्हणजे पासवर्ड, विसरलं तर बदलून दे, अडलं की पोराला विचार. दुपारी बायका यायच्या, तिच्या मोबाइलात बघून जायच्या. मी बाहेर बाजेवर असायचो.

मग ती गेली. छातीत कळ आली, गाडीत घातली, बीडच्या रस्त्यालाच संपली. त्यावर जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

तेरावं झालं. त्याच संध्याकाळी पोरगा पुण्याला गेला, त्याची रजा संपलेली. त्याचंही ध्यान नव्हतं डब्याकडं. आक्का तेवढी मागं राहिली, म्हणाली महिना होईपर्यंत भाकरी घालते तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सून आली. तिचं माहेर उमापूरचं. नवरा ट्रॅक्टरवर असतो. हिनं लग्नानंतर नर्सचं शिक्षण पुरं केलं, सासूच्या शिव्या खात खात. ती मला मामा म्हणते आणि बायकोला आत्या म्हणायची. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"मामा, इचारू नये आत्ता. पण माझं पत्र आलंय का?"

"कसलं?"

"दवाखान्याच्या भरतीचं. मुलाखत झाली ना माझी. ह्या पंधरवड्यात पत्र यील म्हनले होते. आत्यांच्या पत्त्यावर हाय."

"तिच्या कावून?"

"माझ्या पत्त्याची खूण मी इसरले होते त्या दिवशी. शेवटची तारीख होती. आत्या म्हनल्या, टाक माझा."

मी म्हणालो, "ते बंद हाय."

"काय बंद हाय?"

"डबा."

ती आत आली, फळीजवळ गेली. डब्याचं झाकण काढलं. वास आला. तिनं माझ्याकडं बघितलं. चुलीपुढून आक्कानं बघितलं.

"मी शिंपलं," आक्का म्हणाली. "समद्या घराला शिंपलं. त्येला काय वेगळं ठिवू? घरातच हाय की त्ये."

"आक्का, करंटाची वस्तू हाय ती," सून म्हणाली.

"मग सुतक करंटाला न्हाई लागत व्हय?"

सुनेनं पोराला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी सांगितलं.

"आण्णा, कधीपासून बंद हाय?"

"दहाव्यापासून."

"आन् तुमी मला आज सांगताय?"

"दिवा गेलता. मला वाटलं गेला."

तो पुढं रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं सुनेला समजावलं, मीही ऐकत होतो. म्हणाला, पत्र पाठवणारं यंत्र दारावर येतं. दार उघडलं नाही तर परत जातं आणि पुन्हा येतं. आधी घडीघडीला, मग लांब लांब. चारपाच दिवस येत राहतं. तोवर दार उघडलं नाही तर पत्र परत नेतं, आणि पाठवणाऱ्याला सांगतं की ह्या घरी कुणी घेत नाही.

"म्हंजे आज-उद्या," सून म्हणाली.

"पत्र कधी सुटलं त्यावर हाय. दहाव्यालाच सुटलं असंल तर आजच." मग म्हणाला, "आण्णा, एक सांगू? हे एवढं एक निस्तरू, आन् बंदच करू ते. येत्या रविवारी मी सगळ्यांना फुकटचे पत्ते काढून देतो मोठ्या कंपनीचे. आता तिथं कोण बघणार हाय?"

मी म्हणालो, "कर."

"आदी माझं येऊ द्या," सून म्हणाली. आवाज चढला होता तिचा. "मग काय मोडायचं ते मोडा. ही नोकरी गेली तर सासू मला पुन्ना अर्ज भरू देनार न्हाई. आत्ताच म्हनती, कापूस येचायला मानूस न्हाई आन् ही चालली सुया टोचायला."

पोरानं सांगितलं तसं तिनं केलं. आधी सगळ्या तारा सोडल्या. पट्टी बाहेर काढली. तिच्या एका कडेला नखाएवढी चकती, मोबाइलातल्या मेमरी कार्डासारखी, खोचलेली असते, सगळी डाक त्यात. ती काढली तर कोरडी होती. पट्टी मात्र एका बाजूनं हिरवी-पांढरी पडलेली, मीठ बसल्यासारखी. पोरगा म्हणाला, दवाखान्यातलं स्पिरिट असलं तर त्यानं धुऊन बघ. पाणी नको.

स्पिरिट तिच्या घरीच होतं. कापूस तर काय, माझ्या घरात पोत्यानं. पण तिनं तो घेतला नाही. दवाखान्याचा आणला, गुंडाळीतला. आमच्या अंगणात पोत्यावर बसली, चिमट्यात बोळा धरला, आणि झाळलेला एकेक टाका पुसत गेली. पट्टीला फुंकर घालायची, पुन्हा बोळा बुडवायची. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

"पोराच्या गुडघ्याला लागल्यावानी पुसायलीस की गं."

"त्याच्यापेक्षा नाजूक हाय, आक्का."

"आन् माझं गोमूत्र एवढं का वाईट हाय? पोटात घेत्यात लोक."

"लोकाच्या पोटात करंट नसतो."

आक्काला हसू आलं. तेरावं होऊन एकच दिवस झालेला, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. मला कळलं की हे हसण्यासारखं आहे. हसू काही आलं नाही. गंमत आहे एवढं कळलं.

पट्टी उन्हात सुपात ठेवली. तोवर दुसरी अडचण निघाली. पत्र बघायचं कशात, तर बायकोच्या मोबाइलात. तो देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात होता, कुणीतरी रुमालात गुंडाळून ठेवलेला. चार्जिंगला लावला. उघडायला बोटानं रेघ ओढावी लागते. मला ती रेघ माहीत नव्हती. इतकी वर्षं एका घरात राहिलो. सुनेनं विचारलं, "उघडू?" मी मान हलवली आणि तिनं एका झटक्यात रेघ ओढली. रोज बघत होती ती.

दुपार कलल्यावर पट्टी डब्यात बसवली, चकती खोचली, बॅटरी जोडली. तांबडा दिवा लागला. हिरवा नाही. पोरगा फोनवर म्हणाला थांबा. थांबलो. सून मांडी घालून फळीसमोर बसलेली, आक्का दारात लसूण सोलत, मी भिंतीला टेकून. मग हिरवा लुकलुकला, गेला, आणि पुन्हा लागला.

"लागला," सून म्हणाली.

लागलीच काही आलं नाही. मग एकेक यायला लागलं. दारावर येऊन परत गेलेली डाक पुन्हा यायला लागली. बायकोच्या मोबाइलला टुणकन् आवाज व्हायचा आणि दर आवाजाला सून मोबाइल उचलायची. बियाण्याच्या कंपनीची जाहिरात. कुणाच्यातरी पीकविम्याची पोच. तलवाड्याच्या कुठल्या बाईनं पत्ता मागितलेला, "ताई, मला पण काढून द्याल का" म्हणून. सून वाचून दाखवायची आणि माझ्याकडं बघायची. मी म्हणायचो, पुढचं बघ.

दिवस मावळला तरी तिचं आलं नाही. सासूनं कुंपणापलीकडून हाक मारली, "आगं, धार कोन काढनार, तुझी नोकरी?" ती उठून गेली. मोबाइल माझ्याजवळ ठेवून गेली. मी तो उशाशी घेतला. झोपलो. मला झोप लागायची त्या दिवसांत, हेही सांगून ठेवतो. लोकांना वाटतं म्हातारा जागत असेल.

सकाळी दात घासताना टुणकन् वाजलं. मला वाचायला वेळ लागतो, आणि वर इंग्रजीत होतं. कुंपणाशी गेलो आणि हाक मारली. ती हाताला शेण तसंच घेऊन आली आणि मोबाइल मलाच धरायला लावला. वाचताना तिचे ओठ हलत होते.

"झालं मामा. निवड झाली. लातूरकडं दिलंय." मग खाली वाचलं. "पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांत कळवा म्हनत्यात, येनार का न्हाई. न्हाई कळवलं तर पुढच्या मानसाला बोलवनार."

"मग कळव."

तिनं हात धुतले आणि तिथंच उभ्यानं उत्तर लिहिलं, बायकोच्याच पत्त्यावरून. पत्र तिथं आलं तर उत्तर तिथूनच जायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. मला विचारलं, "पाठवू?" मी म्हणालो, पाठव. तिनं बटण दाबलं.

त्या दिवशी पोच आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. तिनं कचेरीत फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, काही मिळालेलं नाही, आणि फोन ठेवला. ती माझ्याकडं आली तवा तोंड उतरलेलं. पुन्हा पोराला फोन. तो म्हणाला, "गेलंय बरोबर. पण आपली डाक म्हंजे अनोळखी घरची. मोठ्या कचेऱ्यांची यंत्रं अशी डाक वाचायच्या आधीच कचऱ्यात टाकतात. कचऱ्याच्या पेटीत बघा म्हणून कुणीतरी सांगायला लागतं. ते आई करायची."

"कसं?"

"फोन करून. भांडून."

सून म्हणाली, "मामा, तुमी बोला. माझं ऐकून घेईना तो."

मला कचेरीत बोलायची सवय नाही. तलाठ्याकडंसुद्धा बायकोच पुढं व्हायची. पण शेवटचा दिवस होता आणि ती समोर उभी होती, नंबर लावूनच. मी घेतला.

"साहेब, तुमच्या कॉम्प्युटरात कचऱ्याची पेटी असती. तिथं बघा. आमचं पत्र तिथं पडलंय."

"कोण बोलतंय?"

"गेवराई तालुक्यातून बोलतोय. काल सकाळी पाठवलंय. बघा म्हंजे सापडंल."

"अहो बाबा, इथं शेकडो येतात."

"येऊ द्या. आमचं एक बघा. मी धरतो फोन."

धरला. त्याच्याकडं पंखा घरघरत होता आणि कुणीतरी चहा सांगत होतं. बऱ्याच वेळानं तो आला.

"हं, आहे एक. पण हे तर दुसऱ्याच बाईंच्या नावाच्या पत्त्यावरून आलंय. उमेदवार वेगळी आहे."

"पत्ता घरातल्या बाईचा हाय. अर्जात तोच दिलेला."

"मग त्या बाईंना द्या फोन. त्यांच्याकडून खात्री करून घेतो."

"ती न्हाई."

"कधी येतील?"

गावात मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत. जो तो येऊन बसला, बोलला, चहा घेऊन गेला. कुणाला काही सांगायची पाळी माझ्यावर आली नव्हती. पोराला कळवलं तेसुद्धा भावकीतल्यांनी. मी सुनेकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती.

"ती वारली," मी म्हणालो.

मग तो म्हणाला, "हे तर कालचं आहे. पाठवलं कुणी?"

"उमेदवारानं पाठवलं. मी पाठव म्हनलो. मी तिचा नवरा."

"कुणाचा?"

"वारली तिचा."

आक्का चुलीपुढून उठून आत आली होती.

तो माणूस वाईट नव्हता. आवाज बदलला त्याचा. म्हणाला, "बरं आजोबा, उत्तर मिळालं म्हणून नोंद करतो. उमेदवाराला काळजी करू नका म्हणावं. पण रुजू व्हायचा आदेश आठवड्याभरानं निघेल आणि तोसुद्धा ह्याच पत्त्यावर जाईल. बाई वारल्यात म्हणता. तिथं बघायला कुणी नसेल तर दुसरा पत्ता सांगून ठेवा."

सून माझ्याकडं बघत होती. दुसरा पत्ता म्हणजे तिला पोराकडून काढून घ्यावा लागणार, अर्जातला पत्ता बदलावा लागणार, आणखी दहा फोन. पण त्यासाठी मी बोललो असं नाही. मी का बोललो ते मला नीट सांगता येत नाही.

"ह्याच पत्त्यावर पाठवा," मी म्हणालो. "मी बघतो."

फोन ठेवला. सून माझ्या पायाला लागली आणि पळत घरी गेली. तिच्या सासूचा आवाज चढलेला ऐकू आला, मग हिचाही. आक्का म्हणाली, "बस जरा." मी बसलो.

संध्याकाळी मी पोराला फोन लावला. मी स्वतःहून लावत नाही, म्हणून तो घाबरूनच बोलला.

"काय झालं आण्णा?"

"रविवारी ये. पण बंद करू नको ते."

"कावून?"

"तिच्या पत्त्यावर एक पत्र यायचं हाय अजून."

"बरं. आन् ते आल्यावर?"

"आल्यावरचं आल्यावर. तू ये, आन् मला ते बघायचं कसं तेवढं दाखव. सावकाश दाखव. तुझ्या आईला दाखवलं तसं."

"दाखवतो," तो म्हणाला. फोन चालू होता. मीही ठेवला नाही.